रेखा मॅडमच्या शोकसभेचा फ्लेक्स

आज पाच वाजता शाळेत हेडसर खोटं बोलणार आहेत. म्हणून खरं काय ते मी आधीच लिहून ठेवतो.

रेखा मॅडम काल गेल्या.

मी नववीत असताना मॅडम दर शनिवारी मनाच्या आरोग्याचा तास घ्यायच्या. छातीत धडधडतं, हात गार पडतात, त्या त्रासाला नाव असतं आणि त्यावर इलाजही असतो, हे मला त्या तासाला पहिल्यांदा कळलं.

बुटाच्या खोक्याला फट पाडून त्यांनी पेटी केली होती.
"मनातलं लिहा. नाव टाकू नका."

मी लिहिलं, "पेपर हातात आला की माझा श्वास अडकतो. मी वेडा होत आहे का?"

नाव टाकलं नाही.
पण शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार मीच लिहायचो. माझं अक्षर अख्ख्या शाळेला पाठ होतं.
हे माझ्या लक्षात आलं नाही. मॅडमच्याही नाही.

हेडसरांनी पेटी उघडली. सोमवारी परिपाठात माझी चिठ्ठी वर धरली.
"वळखा बे पोट्टेहो, हे अक्षर कोनाचं? रोज आपल्याले सुविचार शिकवते, अन् सोताच मेंटल हाय!"

सगळी शाळा हसली. तेव्हापासून माझं नाव मेंटल.
तास बंद झाला. दिवाळीनंतर मी शाळेत गेलो नाही.

मॅडम घरी आल्या. ओट्यावर बसून रडल्या.
"चूक माही हाय रे. अक्षर बदलून लिहा, हे मीनं सांगाले पाह्यजे होतं."

चिठ्ठी त्यांनी हेडसरांच्या टेबलावरून उचलून आणली होती. मला परत दिली.
मग दर रविवारी यायच्या. चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा.

आज मी मलकापूरला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो.
काल हेडसरांचा फोन आला.

"बाईचा फ्लेक्स करून दे. वरतं माहा फोटो मोठा घे. माह्या नावाखाली लिही, मनआरोग्य तासाचे प्रेरणास्थान."
"हो सर."
"तू हुशार होता बे. शाळा काऊन सोडली होती?"

त्यांना आठवतही नाही.

इतकी वर्षं जपलेली ती चिठ्ठी मी स्कॅन केली. प्रिंटला टाकण्याआधी प्रत्येक ओळ अकरा वेळा वाचली.

फ्लेक्स आत्ताच शाळेच्या गेटवर बांधून आलो.
वर मॅडमचा फोटो.
खाली माझी चिठ्ठी, हातभर मोठी.
त्याखाली परिपाठातलं तुमचं वाक्य, सर. शब्दाला शब्द.

नववीत मी नाव टाकलं नव्हतं. या वेळी टाकलं आहे.
माझंही, तुमचंही.

उतरवायचा असेल तर उतरवा. पण सगळ्यांसमोर उतरवा. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

मॅडम, हात गार पडलेत. मोजतोय.
चार. सहा.

या आता. तुमचा तास आज पुन्हा भरतोय.