टेबल फॅनच्या वाऱ्यावर चालणारं ग्राफिक्स कार्ड

मंडळी, आज शेणव्याला एक जुनं ग्राफिक्स कार्ड बघायला गेलो होतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला मला ते हवंय.

विकणारा म्हणाला, "थोडा आवाज करतं, बाकी कायच प्रॉब्लेम नाय." पण कम्प्युटरचं झाकण उघडं आणि टेबल फॅनचं तोंड थेट आत. मला तिथेच संशय आला.

सोबत बाबा होते. बैल घेताना ते आधी नांगराला जुंपून बघतात. "अर्धा तास चालू ठेव रे," ते म्हणाले, आणि उकडतंय म्हणून त्यांनी फॅन स्वतःकडे वळवला.

पाच मिनिटांत स्क्रीन काळी. "लाइट गेली," विकणारा म्हणाला. फॅन मात्र बाबांचे केस उडवत होता.

नवीन कार्ड फार महाग, म्हणून मन अजून त्यातच अडकलंय. तुम्ही घेतलं असतं का?

बाबा म्हणतात, "घे, पण फॅनसकट."