मोटरीचे मिस्त्रीचाचा

मिस्त्रीचाचा गिरणीत आले की माणसांच्या आधी मोटरीची चौकशी करत. तळहाताची मागची बाजू तिच्या अंगाला टेकवून, ताप बघावा तसे क्षणभर थांबत. मग माझ्याकडे वळून म्हणत, "बरं हाये ना, भाऊ?"

मूलच्या आमच्या भातगिरणीतले डिझेल इंजिन जाऊन विजेची मोटर आली, तेव्हा तिच्या रक्षणाचा, ती जास्त वीज ओढू लागली की आपोआप पडून तिला बंद करणारा स्वीच घ्यायला आम्ही दोघे चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेलो. दुकानदाराने भलामोठा स्वीच पुढे केला. "कधीच पडणार नाही," म्हणाला. चाचांनी खिशातून चिठ्ठी काढली. मोटरीवरच्या पत्र्यावरचे आकडे त्यांनी उतरवून आणले होते.

"वीस अँपिअरची मोटर हाये. हा पडते चाळीसवर. तोवर मोटर जळून जाईन. पडाले पायजे म्हणूनच त घेऊन राह्यलो!"

मोटर सुरू होताना क्षणभर जास्त ओढते, तेवढे सोसणारा, पण पुढे लाड न करणारा स्वीच त्यांनी निवडला. मला तो जरा छोटाच वाटला.

दिवाळीनंतर नवे धान आले. दाराशी बैलगाड्यांची रांग लागली आणि स्वीच पडला. लावला, पुन्हा पडला. गाडीवाले कुरकुरू लागले, तसा माझा तोल गेला.

"चाचा, तो स्वीच काढा. सरळ तार जोडा!"

ते स्वीचसमोर जाऊन उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "मले कामावरून काढा, भाऊ. तार नाई जोडत."

मग त्यांनी मोटरीवरून यंत्राकडे जाणारा पट्टा उतरवून नुसती मोटर चालवली. ती सुरळीत फिरली. धान सडायचे, म्हणजे त्याचे टरफल काढायचे यंत्र हाताने फिरवायला गेले, तर ते हलेना. त्याचे बेअरिंग कोरडे पडून जाम झाले होते. शेजारच्या गिरणीतून दुसरे आणून त्यांनी संध्याकाळपर्यंत बसवले.

"चाचा, चुकलो," मी म्हणालो.

"चुकले नाई. घाई झाली तुमाले." आणि त्यांनी मला अर्धी बिडी देऊ केली.

पुढच्या हंगामात यंत्राचा आवाज जरा बदलला, तेव्हा गाड्या उभ्या असतानाही मीच गिरणी थांबवली. चाचा दाराशी होते. त्यांनी नुसती टोपी सारखी केली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते वरोऱ्याला लेकीकडे राहायला निघाले. बसपाशी मी म्हटले, "अजून एक हंगाम थांबा ना."

"आता कायले?" ते हसून म्हणाले. "थांबाले त तुमीच शिकले."