लेक द्यावी असं गाव

घाटात विजेची इंजिनं धावू लागली तेव्हा लोणावळ्यातल्या बाया खूश झाल्या. दोरीवरच्या लुगड्यांवर आता कोळशाची काजळी बसणार नाही, म्हणाल्या. मी मात्र लुगडी गोळा करून आत गेले. आमचे हे वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायला जी इंजिनं जोडत, त्यांच्या भट्टीवर आमच्या घरची चूल पेटायची. नवं इंजिन ना धूर सोडायचं, ना धापा टाकायचं. काही दिवसांतच यांना सांगण्यात आलं : लांब तिकडे वऱ्हाडातल्या इंजिनांच्या शेडमध्ये बदली घ्या, नाहीतर नोकरी सोडा.

थोरली मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती आणि धाकटा अंगावर पीत होता. वऱ्हाडातल्या उन्हाच्या गोष्टी आम्ही ऐकून होतो. तशात यांचा एक जुना सोबती भेटायला आला. तो नोकरी सोडून धरमतरच्या खाडीत लाँचवर लागला होता.

"समुद्राकाठी चल," तो यांना म्हणाला. "तिकडं भाताच्या गिरण्या निघाल्यात. बॉयलर कळणारा माणूस मिळत नाही म्हणून मालक हातावर हात धरून बसलेत. आणि राहणं इथल्यापेक्षा स्वस्त."

तो शेवटचा शब्द चुलीपाशी बसून मी नीट ऐकला. मुंबईचे शेठ लोणावळ्यात बंगले बांधत होते आणि आमच्यासारख्यांच्या खोल्यांची भाडी दर हंगामाला वर सरकत होती.

बातमी आमच्या गावी, कुसगावला पोचली. थोरले दीर तिथं शेती बघत. ते दुसऱ्याच दिवशी आले आणि ओट्यावर बसून यांना म्हणाले, "दर्याकाठी काय हाय? वाळू खानार का मीठ? गावाकडं या. हाय ती भाकर वाटून खाऊ."

मन मोठं होतं त्यांचं. पण भातखाचरं होती मोजकी, आणि खाणारी तोंडं त्यांच्याच घरात भरपूर. थोरल्या दिरांसमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती. त्यांना काही सांगायचं तर ते यांच्यामार्फत, नाहीतर पोरीमार्फत. हे मान खाली घालून बसले तेव्हा मी दाराआडून म्हणाले, "भाऊंना म्हणावं, वाटलेल्या भाकरीनं त्यांची पोरं अर्धपोटी राहतील. आधी आम्हाला गाव बघून येऊ द्या. नाही आवडलं तर कुसगाव कुठं पळून जात नाही."

मग दीर धाकट्या भावाकडे बघत म्हणाले, "तिला इचार, गाव कंचं त्ये तरी ठरलंय का?"

ठरलं नव्हतं. समुद्र मी पाहिलासुद्धा नव्हता. पण त्या प्रश्नानं मी इरेला पेटले.

लोणावळ्याच्या बाजाराला खालून, कोकणातून, सुकी मासळी विकणाऱ्या बाया येत. सुकट आणि बोंबलाच्या टोपल्या घेऊन त्या ओळीनं बसत. त्यांतल्या एका मावशीकडून मी नेहमी सुकट घ्यायचे. मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि विचारलं, "मावशी, पोराबाळांना घेऊन राहायला तुमच्याकडचं कुठलं गाव चांगलं?"

"माझा गाव!" ती लगेच म्हणाली. "पानी ग्वाड, मानसां ग्वाड."

तिच्या शेजारणीला विचारलं तर तिचं गाव सगळ्यांत चांगलं. तिसरीचंही तेच. अशी चांगली गावं ऐकून मी सुकट घेऊन घरी आले. भाकऱ्या थापताना सारखा तोच विचार. मग मला माझ्या लग्नाच्या वेळची माझी आई आठवली. माझं स्थळ बघताना तिनं मुलाआधी गावाची विहीर पाहिली होती. पुढच्या बाजाराला मी त्याच मावशीपुढे बसले आणि वेगळंच विचारलं.

"मावशी, लेक कुठं दिलीस?"

मावशी हसली. "लेक नं? लेक माझे गावान नाय दिली, बाय. उन्हाल्यान पान्यासाठी दोन टेकऱ्या चढाव्या लागतान. लेक दिली खाडीवरचे गावान." आपण काय बोलून बसलो हे कळून ती पुन्हा हसली आणि तोंडावर पदर धरला. मग सगळं सांगत सुटली. त्या गावाला गोड्या पाण्याची विहीर होती, शाळा होती. निम्मी माणसं मुंबईला कामाला गेलेली, त्यामुळे घरं बंद पडलेली. घरात दिवा लावायला माणूस मिळाला तरी मालकाला बरं वाटायचं. आणि गावात भाताची गिरणी होती, पण ती बंदच होती. का बंद, ते तिला ठाऊक नव्हतं.

शेजारणीला विचारलं, "तुला अजून लेक द्यायचीय, ती कुठं देशील?" तिनंही त्याच गावाचं नाव घेतलं. मी तिथंच ठरवलं.

आम्ही निघालो तेव्हा दीर डोक्याला मुंडासं बांधून हजर. "मी बी येतो," ते यांना म्हणाले. "पोरं कुटं नेताय, बगू तरी दे."

मोटारीनं घाट उतरून खोपोली, तिथून पेण, मग खाडी ओलांडून अलिबाग. यांच्या मनात अलिबागच होतं. तिथं मी समुद्र पाहिला. पुरातली इंद्रायणी मी पाहिली होती, पण पुराला पलीकडचा काठ असतो. इथं काठच नव्हता. पोरगी माझा हात सोडून धावली आणि दीर तिच्यामागे "आगं ए, थांब!" करत पळाले. लाटेनं दोघांचेही पाय भिजवले. दिरांना तेव्हा मी पहिल्यांदा लहान मुलासारखं हसताना पाहिलं.

गावात मात्र हसण्यासारखं काही हाती लागलं नाही. कोर्टकचेरीचं गाव, वकिलांची वस्ती. खोलीचं भाडं लोणावळ्याच्या तोडीचं. गिरणीत विचारलं, तर तिथं बॉयलरवर आधीच माणूस होता. संध्याकाळी हे वाळूवर बसून राहिले.

"परत जाऊ," म्हणाले.

"म्या सांगत हुतो," दीर म्हणाले.

मी पोराला मांडीवर थोपटत होते. म्हटलं, "अजून माझं गाव राहिलंय."

सकाळी बैलगाडी केली. गाव लागलं ते माडांच्या सावलीत, एका बाजूला भातशेती आणि दुसऱ्या बाजूला खाडी. मावशीच्या लेकीचं घर विचारत गेलो. आईनं पाठवलंय म्हटल्यावर तिनं आम्हाला बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. मी एक घोट घेतला. आमच्या कुसगावच्या झऱ्यासारखं पाणी! दीर घटाघटा प्याले आणि तांब्या पुन्हा पुढे केला. मग ते एकटेच बांधावर गेले, मातीचं ढेकूळ हातात चुरलं, वास घेतला. हात धोतराला पुसत परत आले.

लेकीच्या शेजारचंच घर बंद होतं. किल्ली मालकाच्या म्हाताऱ्या काकांकडे. पुढे पडवी, मागे माजघर, परसात चार माड. काकांनी भाडं सांगितलं ते आमच्या एका खोलीच्या निम्म्याहून कमी. तरीही मी म्हटलं, "आबा, घर आम्ही शाकारून घेऊ, सारवून ठेवू. मग पडलेल्या झावळ्या आमच्या."

"झावळ्या तुमच्या," आबा म्हणाले, "पण नारळाला हात लावायचा नाही हां!"

राहिली गिरणी. मालक दारातच बसला होता. आत भाताची पोती छताला लागलेली आणि बॉयलर थंड. तुसावर चालणारा तो बॉयलर सांभाळणारा माणूस पावसाळ्याआधी निघून गेला होता. यांनी सदरा काढला, भट्टीचं दार उघडून आत डोकं घातलं. बाहेर आले तेव्हा तोंड काळं झालं होतं आणि डोळे चमकत होते. कितीतरी दिवसांनी ते मला तसे दिसले.

"चालेल," एवढंच म्हणाले.

तो दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ नळ्या घासण्यात गेली. दीर पाणी भरत होते, राख उपसत होते. दुपारी भट्टीत तूस पेटलं. वाफेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवून हे उभे, आणि दारात अर्धा गाव. मग यांनी शिट्टीची साखळी ओढली.

घाटातली शिट्टी मी रोज ऐकत आले होते, पण ही आमची होती. माडांवरचे कावळे उडाले, पोरांनी कान झाकले, धाकटा रडायचं विसरून बघत राहिला. पट्टा फिरू लागला आणि तांदूळ पडू लागला तेव्हा मालकानं यांच्या पाठीवर थाप मारली आणि पगारही तिथंच ठरवला.

गर्दीतून दीर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी पदर पुढे ओढला. ते यांच्याकडे वळले नाहीत, पोरीला मधे घेतलं नाही.

"सूनबाई," ते मला म्हणाले, "गाव लय चांगलं काडलंस. माती बी चांगली हाय."

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

दिवाळीनंतर आम्ही लोणावळा सोडलं. ट्रंका, पाटा-वरवंटा, पाळणा, सगळं मोटारीच्या टपावर. नव्या घरी पोचलो तर मावशीच्या लेकीनं अंगण सारवून ठेवलं होतं आणि चुलीवर भात शिजत होता. पोरगी महिन्याभरात शाळेत जाऊ लागली आणि "नाय" म्हणायला शिकली.

उन्हाळ्यात शेडमधल्या आणखी दोन फायरमनच्या बायका आपापली माणसं घेऊन आमच्या दारात आल्या. गाव बघायचं होतं, म्हणाल्या. मी त्यांना आधी जेवायला वाढलं. मग पदर खोचला, कळशी कमरेवर घेतली आणि म्हटलं, "चला, आधी विहिरीवर जाऊ."