संताच्या तड्यात सोनं नको

"सोन्याने जोडा," मोरी-सान म्हणाले आणि ट्रे माझ्यासमोर सरकवला.

मोरी-सान आमच्या लॅबचे प्रमुख. जपानमधल्या त्सुकुबातली छोटी खासगी लॅब, काम कॉन्झर्व्हेशनचं, म्हणजे जुन्या वस्तू आहेत तशा टिकवण्याचं. मी पुण्याची, दरवर्षी रिन्यू होणाऱ्या कॉन्ट्रॅक्टवर.

ट्रेमध्ये एका बायझंटाइन संताचे तुकडे होते. आजचं इस्तंबूल ज्याची राजधानी होती, त्या जुन्या ख्रिस्ती साम्राज्यात चर्चच्या भिंतींना अशा रंगवून भाजलेल्या टाइल्स लावत. हा दाढीवाला संत कित्येक शतकं टिकला आणि २०११च्या भूकंपात ओनो-सान नावाच्या संग्राहकांच्या कपाटातून पडला. तडा नेमका डोळ्याजवळून गेला होता.

फुटलेलं भांडं झाडाच्या चिकापासूनच्या लाखेने जोडून त्यावर सोनं लावायची जपानी पद्धत सुंदरच आहे. ओनो-सानना प्रदर्शनासाठी तीच हवी होती. भूकंपातून सावरलेला संत म्हणून पोस्टरही ठरलं होतं. मला संताप आला. दिसेल त्या फुटक्या वस्तूला तेच औषध?

मी मोरी-सानना मायक्रोस्कोपखाली बघायला लावलं. संताच्या डोक्यामागच्या वलयात मूळ सोन्याचे कण शिल्लक होते. शेजारी आपण सोन्याची रेघ ओढली, तर पुढे कोण सांगणार कुठलं सोनं कुणाचं? शिवाय लाख एकदा घट्ट झाली की सुटत नाही. आमच्या कामात जोडलेलं पुन्हा सोडवता आलं पाहिजे. म्हणून आम्ही अ‍ॅसिटोनने, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं त्याने, विरघळणारा गोंद वापरतो.

"ओनो-सान मालक आहेत," मोरी-सान म्हणाले.

"टाइलचे आहेत. माझ्या हातांचे नाहीत."

त्यांनी शांतपणे आठवण करून दिली की माझं कॉन्ट्रॅक्ट लवकरच संपतंय. व्हिसा त्यावरच होता. तरी मी म्हटलं, दुसरं कुणी बघा.

शेवटी ओनो-सान स्वतः आले. मायक्रोस्कोपमधून बराच वेळ बघत राहिले.

"मग भूकंप दिसणारच नाही?"

"दिसेल. तडा मी लपवत नाही. फक्त सजवत नाही."

ते मान झुकवून म्हणाले, तुमच्या पद्धतीने करा.

प्रदर्शनात लोक संताचे डोळे बघत उभे राहिले. टाइल कुणी जोडली, हे एकानेही विचारलं नाही. लॅबचं नाव कुठेच झालं नाही, मोरी-सानना ते फार लागलं. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही.

आमच्या धंद्यात कुणी काही विचारलं नाही, म्हणजे काम उत्तम झालं. फक्त दुसरी नोकरी आधी बघून ठेवावी.