अर्डिसबाईंची दुरुस्ती

अर्डिस लुंडीनबाईंनी एकतीस वर्षं आमच्या गावात शाळेची बस चालवली आणि मिनेसोटाच्या हिमवादळातही एकही पोर चुकीच्या दारात उतरवलं नाही. निवृत्तीनंतर त्याच दारांवर त्या मतं मागायला गेल्या. उमेदवार टेस हाल्गन, गुरांची डॉक्टर, खासदार होऊन वॉशिंग्टनला जायला निघालेली. लहानपणी ती बाईंच्या बसमध्ये बसायची. बाईंना तेवढं कारण पुरलं.

काम सोपं होतं. यादी घेऊन दार वाजवायचं, बोलायचं आणि नावापुढे आकडा टाकायचा. एक म्हणजे नक्की आपला, पाच म्हणजे नक्की त्यांचा. अडचण अशी, की तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडे चोरीहून वाईट समजतात. लोक आत बोलावतात, कॉफी देतात, लिंबाच्या वड्या पुढे करतात आणि म्हणतात, "बघू या, पोरगी चांगली आहे." याचा अर्थ चार. कधी कधी पाच. हे बाईंना कोणाहूनही जास्त कळत होतं.

पहिल्या शनिवारी त्यांनी खरे आकडे दिले. कागद बघून टेसचं तोंड उतरलं. पुढच्या शनिवारपासून कॉफी देणाऱ्या प्रत्येक घराला बाई एक देऊ लागल्या. कॉफी सगळेच देतात.

गावचं साप्ताहिक मी चालवतो. ऑक्टोबरात बाईंना विचारलं, "काय म्हणतंय वारं?"

"चांगलं आहे, ऑर्व्हिल."

"चांगलं म्हणजे किती?"

"तू लिही, 'चांगलं'."

अंक मंगळवारी दुपारी छापायला जातो. आणखी चार फोन करायला हवे होते, केले नाहीत. पहिल्या पानावर मथळा दिला, 'आपली काउंटी टेसच्या मागे'. काउंटी म्हणजे आमचा जिल्हा. बाईंचे आकडे आणि माझा मथळा बघून, इथलं काम झालं असं समजून टेसच्या माणसांनी इथल्या सभा, रेडिओच्या जाहिराती उचलून पलीकडच्या काउंटीत नेल्या. टेस चारशे बारा मतांनी पडली. एकट्या आमच्या काउंटीत नऊशेंनी मागे होती.

दोन आठवड्यांनी बाई कचेरीत आल्या. "दुरुस्ती छापायची आहे."

मृत्यूच्या बातमीत आडनाव चुकलं तरच आम्ही दुरुस्ती छापतो. "कशाची?"

"माझ्या आकड्यांची. नावासकट."

"निवडणूक संपली, बाई. कोण वाचणार आता?"

"टेस वाचेल."

"मग तिला आधी फोनच करा ना." पेपरात आलं की मथळा कोणाचा हे लोक विचारणार, म्हणून मी हे सुचवलं.

बाईंनी माझ्याच टेबलावरून फोन लावला आणि एकही सबब न देता सगळं सांगितलं. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मिसेस लुंडीन, तेव्हाच सांगितलं असतंत तर मी रोज तिकडे आले असते."

"हो."

"असू दे, असं नाही म्हणवत मला."

"म्हणू नकोस."

इतकं सरळ बोलणं आमच्या गावात मी पहिल्यांदाच ऐकलं. बाईंनी फोन ठेवला, हातमोजे चढवले. "आता छाप."

मी तीन ओळी लिहिल्या. दोन बाईंच्या, तिसरी माझ्या मथळ्याची. मंगळवारी, जागा नाही असं स्वतःलाच सांगून तिसरी काढली. मग रिकामी जागा भरायला शेजारची टायरची जाहिरात मोठी करावी लागली.

गुरुवारी बाईंनी किराणा दुकानात गाठून माझे आभार मानले. तिसऱ्या ओळीबद्दल त्यांनी विचारलं नाही. ती लिहिली होती हे त्यांना ठाऊकच नव्हतं.