येसूकाकीची नाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका, मलाच धड ठाऊक नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस. लालबागच्या आमच्या व्यायामशाळेत सगळ्यांना एकच माप — वस्ताद सांगतील तेवढे जोर, तेवढ्या बैठका. तिथे एक डॉक्टर यायला लागले. म्हणाले, प्रत्येकाचं शरीर वेगळं, मग व्यायाम सरसकट एकच कसा? हलगीच्या ठेक्यावर स्टुलावर चढ-उतार करायची, मग नाडी किती लवकर शांत होते ते बघायचं. मोजून कागदावर उतरवायचं काम माझं. सगळ्यांत दमदार नाडीही माझीच — आणि काय मिरवायचो हो मी!

डॉक्टरांना बायकांचाही वर्ग काढायचा होता. शिकवायला पगारी बाई हवी, अट एकच — दम. एका दुपारी डॉक्टर नसताना आमची खानावळवाली येसूकाकी पदर खोचून आली. दिवसभर डबे घेऊन चाळींचे जिने चढणारी बाई. "जिने चढान कंटाळलंय रे," म्हणाली, "माझी नाडी बघ."

ती चढली, उतरली, चढली... हलगीवाला दमला! मी मनगट धरलं आणि — अहो, काय सांगू! धडधडणारी नाडी माझ्या बोटांखाली बघता बघता निवली. जशी काही काकी मघापासून बसूनच होती. पुन्हा मोजली. तेच. अंगावर काटा आला माझ्या. कुठला खुराक, कुठले बदाम? कोणी घडवलं हे शरीर? खरंच सांगतो, पाया पडावंसं वाटलं.

आणि मी केलं काय? — ती गेल्यावर कागद फाडला. पोरं म्हणाली असती, खानावळवालीनं तुला चीत केलं. एवढीच भीती. एवढीशी!

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, कुणी बाई मिळाली का? छे, म्हटलं मी. वर्ग बारगळला.

काकी विचारायला आली. तुझी नाडी पसंत पडली नाही, असं मी सांगितलं — वर डॉक्टरांचं नाव घेऊन. ती स्वतःचंच मनगट धरून उभी राहिली.

"काय कमी पडलां रे?"

"दम," मी म्हटलं.

तिनं ते खरं मानलं. हातपाय चालत होते तोवर डबेच वाहिले तिनं.