मी फरार असल्याबाबत

विषय: निम्नस्वाक्षरीकार फरार असल्याबाबत.
संदर्भ: कन्येचे कॉलेजातील प्रोजेक्ट.

महोदय... म्हणजे तुम्हीच हो, चहा घ्या आधी. गाढवपणा बहुतेक लोक तोंडी करतात. मी तो टाइप करून, दोन प्रतींत केला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड सेक्शनमधून निवृत्त झालो होतो. मुलगी रेवती सकाळी फौजदारी कायदा शिकायची आणि दुपारी कॉम्प्युटर. नोकरीमुळे आम्ही उत्तरेत स्थायिक, त्यामुळे ती बोलायचीही हिंदीतच. इंदिरा नगरातले शेजारी विचारायचे, ‘भाईसाहब, बिटिया चोर पकड़ेगी या मशीन?’ मी म्हणायचो, जे आधी सापडेल ते.

प्रोजेक्ट असं होतं की, पोलीस ठाण्यातल्या गुन्हेगारांची नोंद कॉम्प्युटरवर ठेवायची. नमुन्याला एक गुन्हेगार हवा होता.

‘बाबा, कोई भी नाम डाल दूँ?’

‘कोणतंही? लोकांना अब्रू असते. माझं घाल.’

‘बाबा, यार...’

‘पत्ताही घाल. अर्धवट नोंद या घरात चालणार नाही.’

गुन्हा कोणता? मला ठाऊक असलेला सगळ्यांत नीच गुन्हा सांगितला: बनावट सरकारी कागद तयार करणे. सद्यस्थिती? अटकेत लिहिलं तर कोठडीचा तपशील हवा. जामिनावर लिहिलं तर जामीनदार हवा. फरार माणसाला एकही जोडपत्र लागत नाही.

‘फरार लिही,’ मी म्हणालो.

कॉलेजच्या प्रिंटरने करकरत कागद ओकला, रेवतीने तो घरी आणला. पण असा उघडाबोडका कागद कॉलेजात द्यायचा? मी वर पत्र टाइप केलं, जावक क्रमांक टाकला. निवृत्तीच्या दिवशी चुकून खिशात राहिलेला ‘सत्यप्रत’चा शिक्का मारला. आणि तळाशी लिहिलं, ‘प्रत माहितीसाठी: थाना प्रभारी.’ त्याशिवाय पत्राला भारदस्तपणा येत नाही!

आता प्रत लिहिली, म्हणजे प्रत पाठवायला नको? दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टाच्या पेटीत टाकली.

रेवतीला चांगले मार्क पडले. तेवढ्यात पोलिसांच्या कॉम्प्युटर विभागात प्रशिक्षणाची एक जागा निघाली. एकच. कॉलेजात आठवड्याला तासभर मशीन मिळणारी पोरगी, तिला ते रोज मिळणार होतं. तिने अर्ज केला. अट एवढीच, की कुटुंबाबद्दल पोलीस ठाण्याचा बरा शेरा हवा.

जानेवारीतल्या धुक्यात एक दरोगाजी, म्हणजे इथले फौजदार, दारात उभे राहिले. आमच्या हिने दार उघडलं.

‘दत्तात्रय सबनीस यहीं रहता है?’

‘रहते हैं. मटर छील रहे हैं.’

मी ताट बाजूला ठेवून उठलो. ‘मैं ही हूँ.’

‘आप तो फरार हैं.’

‘जी, वो तो काग़ज़ पर.’

‘काग़ज़ पर हैं, तो हैं.’

हेच वाक्य नोकरीभर मी खिडकीपलीकडच्या लोकांना ऐकवलं होतं.

मी खुलासा केला. पत्र माझं, नाव माझं, शिक्काही माझाच! मी जितका निर्दोष होत गेलो, तितकं ते जास्त लिहीत गेले.

‘जुर्म, जाली सरकारी काग़ज़ बनाना,’ त्यांनी वाचलं. ‘और ये मोहर आपने घर बैठे लगाई?’

‘जी.’

‘तब तो एंट्री सही है.’

मग त्यांनी बॅगेतून रेवतीचा अर्ज काढला आणि दोन्ही कागद एकाच टॅगमध्ये ओवले. रेवती आतल्या दारात उभी होती. ‘बाबा, यार’ म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. ती त्या टॅगकडे बघत होती.

‘वो पर्चा फाड़ दीजिए, साहब,’ मी म्हणालो.

‘आवक में चढ़ गया, बाबूजी. आप तो दफ़्तर के आदमी हैं.’

ते गेल्यावर ही म्हणाली, ‘अहो, जन्मभर तुमच्या टेबलावरून एक कागद वेळेवर हलला नाही. नेमका हाच बरा पोचला!’

खुलाशाचा मसुदा करायला मी कागद ओढला. रेवतीने तो माझ्या हातातून काढून घेतला. ‘इस बार मैं लिखूँगी. आप हाथ मत लगाइए.’

पुढे दरोगाजींची बदली झाली. अहवाल न लिहिताच गेले. मी अजूनही दर सोमवारी ठाण्यात जातो, तिथल्या कारकुनाच्या, मुंशीजींच्या, टेबलासमोर उभा राहतो.

‘मेरी फ़ाइल?’

ते मान वर न करता पान उलटतात. ‘मुल्ज़िम फरार है. मिल जाए, तो बंद करें.’

रेवतीचा अर्ज प्रलंबित आहे.